रबराच्या पोत्यातलं जीवनसत्त्व

गेले तीन आठवडे मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटलोय. पपया नर्सरीच्या चहावाल्याला सांगून झाली, सोसायटीच्या वॉचमनला सांगून झाली, मेहुण्याला फोनवर चाळीस मिनिटं सांगितली. बायको म्हणाली, "अहो, पुरे आता. परवा वरच्या मजल्यावरचे काका तुम्हाला बघून जिन्यातूनच परत फिरले." फिरू देत. तेवीस वर्षं रोज हाताळलेली वस्तू एका संध्याकाळी आपल्याच डोक्याच्या आत सापडली, तर माणूस गप्प कसा बसेल?

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका छोट्या रबर युनिटमध्ये मिक्सिंगला आहे. इथे महिंद्रा आहे, बॉश आहे (आम्ही जुने लोक अजून मायकोच म्हणतो), सिएटचा टायरचा कारखाना आहे. आमच्यासारख्या शेडी मागच्या गल्ल्यांमध्ये. आधी वास येतो, मग पाटी दिसते. गाड्यांना लागणारे बुश, होज, सील, दाराच्या पट्ट्या असला माल आम्ही करतो, आणि त्या सगळ्याची सुरुवात माझ्या मिक्सिंगपासून होते.

रबराचं कंपाउंड म्हणजे स्वयंपाकच. शंभर किलो रबर, त्यात कार्बन ब्लॅक, झिंक ऑक्साइड, स्टिअरिक, थोडं तेल, सगळ्यात शेवटी गंधक. आणि मधेच कुठेतरी किलो-दीड किलो तपकिरी दाणे पडतात. टीएमक्यू म्हणतात त्याला. पोत्यावर ठळक अक्षरात छापलेलं असतं : अँटीऑक्सिडंट. नवीन आलेला प्रत्येक पोरगा विचारतो, "साहेब, एवढ्या मोठ्या बॅचला एवढंसं टाकून काय होणार?" मी त्याला एजिंग ओव्हनपाशी नेतो. सत्तर डिग्रीला बहात्तर तास ठेवलेली एक पट्टी हातात देतो, जिच्यात तो दीड किलोचा माल पडलेलाच नाही. वाकवली की तडे. शेजारची, माल पडलेली पट्टी वाकवली की पुन्हा सरळ. पोराला पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

तर त्या संध्याकाळी मुलगी पलंगावर पुस्तकं पसरून बसली होती. ती बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला. मी डबा धुवायला टाकून तिच्याकडे सहज बघितलं, आणि उघड्या पानावर एक आकृती दिसली. सहा कोनांचं एक कडं, त्याला एक ओएच लटकलेला, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन राखणदार, आणि पलीकडे एक लांबलचक शेपूट. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, तेही कधीकाळी. पण हे कडं आणि हे राखणदार मी ओळखतो! फिकट रंगाच्या रबरात तपकिरी माल चालत नाही, डाग पडतो, म्हणून आम्ही बीएचटी वापरतो, आणि सप्लायरच्या कागदावर हीच मांडणी छापलेली असते. राखणदार तिथे थोडे आडदांड असतात, एवढाच फरक.

"ए, तुझ्या पुस्तकात आमच्या कंपनीचा माल कुठून आला?"

ती म्हणाली, "पप्पा, हे व्हिटॅमिन ई आहे."

मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसलो तो साडेअकरापर्यंत. जेवण तिथेच. पोरीचा अभ्यास बुडवला, कबूल आहे.

आधी साध्या गोष्टी विचारल्या. १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप उंदरांना ठरावीक खाणं देत होते. उंदीर वाढत होते, पण माद्यांचे गर्भ टिकत नव्हते. हिरवा पाला दिला, गव्हाचा अंकुर दिला, की टिकायला लागले. त्या अंकुरातल्या तेलातून १९३६ मध्ये तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ग्रीक नाव दिलं, टोकोफेरॉल. टोकोस म्हणजे बाळंतपण. म्हणजे कागदोपत्री हे प्रजननाचं जीवनसत्त्व! त्याचं खरं काम रबराच्या पोत्यातल्या दाण्यांसारखंच आहे, हे कळायला पुढे आणखी बरीच वर्षं गेली.

ते काम काय, तर खवटपणा थांबवणं. खवट हा शब्द माझा. मुलीच्या पुस्तकात फार अवघड शब्द आहे. पावसाळ्यात शेंगदाणे खवट होतात, जुन्या तेलाला वास येतो, ती सगळी ऑक्सिजनची करामत. चरबीच्या साखळीत जिथे दुहेरी बंध असतात, त्यांच्या शेजारचा हायड्रोजन सैल असतो. तो कुणीतरी ओढून नेला की त्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो, आणि तो शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो. शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. चाळीत भांडण पसरावं तसं हे पसरत जातं. टोकोफेरॉल मधे उभं राहतं, आपला हायड्रोजन देऊन टाकतं आणि भांडण तिथेच मिटवतं. स्वतः मात्र पुढे कुणाशी भांडत नाही, कारण ते दोन राखणदार त्याला शांत ठेवतात. कॅनडात ग्रॅहम बर्टन आणि कीथ इनगोल्ड यांनी १९८०च्या दशकात मोजून दाखवलं, की चरबीचे हे बंध सांभाळण्यात निसर्गाने याच्या तोडीचं दुसरं काही क्वचितच केलंय. पेशीच्या पापुद्र्यात साधारण हजार चरबीच्या रेणूंमागे एखादाच रेणू व्हिटॅमिन ईचा असतो. हजाराला एक! आमच्या दीड किलोला "एवढंसं" म्हणणाऱ्या पोरांना आता मी हे सांगतो.

आणि हे ऐका. १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेत बोलंड आणि गी नावाचे दोघे रबर का सडतं याचा शोध घेत होते. रबर स्वतः फार चिवट आणि गुंतागुंतीचं, त्याचा हिशेब लागेना. म्हणून त्यांनी त्याच्या जागी सोपा नमुना घेतला. कोणता? लिनोलेट! म्हणजे करडईच्या आणि सूर्यफुलाच्या तेलात जे मुख्य आम्ल असतं, त्याचाच एक भाऊ. रबर समजून घ्यायला त्यांनी खायच्या तेलाचा नमुना वापरला, आणि त्यांनी मांडलेलं गणित पुढे खायच्या तेलालाही लागू पडलं, पेशीच्या पापुद्र्यालाही. आमच्या युनिटमध्ये भिंतीवर विश्वकर्म्याचा फोटो आहे. शेजारी या दोघांचा लावावा, असं मी मालकांना म्हणालो. ते हसले.

यावर कळस झाला तो पुढच्या रविवारी. मुलीने शोधून काढलं, की व्हिटॅमिन ई ही एक वस्तू नाही, आठ भावंडं आहेत. चार टोकोफेरॉल, चार टोकोट्रायनॉल. आणि त्या टोकोट्रायनॉलची ओळख १९६०च्या दशकात कशात पटली? रबराच्या झाडाच्या चिकात! झाड आपलं रबर स्वतःच सांभाळत होतं. मी तेवीस वर्षं ज्या गाठी कापून मिलवर टाकतो, त्या गाठींच्या चिकात हे जीवनसत्त्व आधीपासूनच होतं. मी बायकोला उठवून सांगितलं. रात्रीचा एक वाजला होता, हे माझं चुकलं.

आता मुद्द्याची गोष्ट. मला हे सगळं एवढं का झोंबलं?

दोन वर्षांपूर्वी माझं डोकं बिघडलं होतं. असंच म्हणतो मी, आडपडदा कशाला? ऑर्डरचं वेळापत्रक दर आठवड्याला बदलायचं, कधी बारा तासांची रात्रपाळी, कधी घरी बोलावून परत पाठवायचे, फ्लॅटचा हप्ता डोक्यावर, त्यात गावी आईचं आजारपण. सात-आठ महिने असं चाललं. मग एके दिवशी लक्षात आलं, की रविवारची मिसळ बेचव लागतेय. नाशिकच्या माणसाला मिसळ बेचव लागणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. मी मिसळवाला बदलला. दुसराही बेचव. मग मला कळलं, बिघाड तर्रीत नाही. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या, पाळी बदलून घ्यायला लावली, आणि झोप लागायला लागल्यावर चार-पाच महिन्यांत मी पुन्हा झणझणीत मागायला लागलो.

तेव्हा मला कुणी हे उंदीर दाखवले असते तर! पॉल विल्नर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८७ साली उंदरांवर एक प्रयोग छापला. उंदरांना मारझोड नाही, मोठा धक्का नाही. फक्त किरकोळ त्रास, पण सतत आणि कधी कोणता ते न कळणारे. पिंजरा तिरका करून ठेवायचा. रात्री दिवे चालू. खालचा भुसा ओला. कधी पाणी बंद, कधी खाणं. कधी अनोळखी उंदीर पिंजऱ्यात आणून सोडायचा. मी हे वाचून मोठ्याने हसलो, कारण हे तर आमचं शिफ्टचं वेळापत्रक! रात्री दिवे, ओली फरशी, बंद पडलेला कूलर, आणि कॉन्ट्रॅक्टरने आणलेला अनोळखी हेल्पर. काही आठवडे हे चाललं, की उंदीर साखरेचं पाणी कमी प्यायला लागतात. साधं पाणी आणि गोड पाणी शेजारी ठेवलं तरी गोडाकडे ओढ राहत नाही. नैराश्यावरची गोळी काही आठवडे दिली, की गोडी परत येते.

माझी मिसळ आणि त्या उंदरांचं साखरेचं पाणी! हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मुलीने बघितलं.

अशा ताणाखाली ठेवलेल्या जनावरांचा मेंदू तपासला, की त्यात चरबी खवट झाल्याच्या खुणा वाढलेल्या सापडतात. आणि मेंदू खवट व्हायला सोपा, कारण शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्क्यांचा, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के. शिवाय आतून तो चरबीचाच. डीएचए नावाचं जे आम्ल मेंदूत भरपूर असतं, त्याच्या एका रेणूत दुहेरी बंध सहा. सहा! करडईच्या लिनोलिकमध्ये दोनच. माझ्या भाषेत सांगायचं तर मेंदू म्हणजे ओव्हनमध्ये कायम ठेवलेली, सगळ्यात नाजूक ग्रेडची पट्टी. त्यात ताण लांबला की कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक चढलेलं राहतं आणि आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसला त्याचा मार बसतो.

आता रबरवाल्याला ठाऊक असलेली एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हवेतला ओझोन रबर खातो. पण सैल पडलेल्या पट्टीला तो तडे पाडत नाही. तीच पट्टी ताणून ठेवा, मग बघा, ताणाला आडवे तडे. म्हणजे हवा तीच, रबर तेच, तडा जातो ताणलेल्याला. मराठीत दोन्हींना ताणच म्हणतात, हे आपल्या भाषेचं शहाणपण की योगायोग, भाषावाल्यांनी ठरवावं.

ब्राझीलमधल्या एका गटाने २०१०मध्ये उंदरांना अल्फा-टोकोफेरॉल दिलं, तर नैराश्य जोखायच्या नेहमीच्या परीक्षांमध्ये (शेपटीने लटकवणं, पाण्यात पोहायला लावणं) ते लवकर हात टेकेनात. माणसांकडे वळायचं तर, बेल्जियममधल्या मायकेल मेस यांच्या गटाने २००० साली नोंदवलं, की तीव्र नैराश्याच्या रुग्णांच्या रक्तात व्हिटॅमिन ई निरोगी माणसांपेक्षा कमी असतं. ऑस्ट्रेलियातल्या २००५च्या अभ्यासात तेच दिसलं, आणि वर एक मजेशीर गोष्ट : त्या रुग्णांपैकी बहुतेकांच्या जेवणात व्हिटॅमिन ई पुरेसं होतं! जेवणात आहे, रक्तात नाही. मग गेलं कुठे? मला विचाराल तर उत्तर ओव्हनमध्ये आहे. जुन्या झालेल्या पट्टीत अँटीऑक्सिडंट मोजा, टाकलं होतं त्यापेक्षा कमीच भरतं, कारण ते लढण्यात खर्ची पडलेलं असतं. हा माझा अंदाज, रबरवाल्याचा; शास्त्रज्ञांनी तो माझ्या नावावर घ्यावा.

इथवर आल्यावर मी दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मेडिकलमधून ती हिरवी कॅप्सूल घेऊन आलो. तीच, जी बायका फोडून केसांना आणि चेहऱ्याला लावतात. दोन पट्ट्या. एक माझ्यासाठी, एक मिक्सिंगच्या पोरांना वाटायला. मुलीने दोन्ही काढून घेतल्या.

"पप्पा, एका गोळीत चारशे मिलिग्रॅम आहे. दिवसाला माणसाला पंधरा लागतात."

"मग चांगलंच की! जास्तच."

"तुम्ही बॅचमध्ये दीड किलोच्या जागी चाळीस किलो टाकता का?"

गप्प बसलो. चाळीस किलो टाकलं तर माल पृष्ठभागावर फुलून येतो, ब्लूमिंग म्हणतात, आणि रबर नासतं. शरीरात ब्लूमिंग होत नसेल, पण हिशेब आहेच. अमेरिकेत पस्तीस हजारांहून जास्त पुरुषांवर सिलेक्ट नावाची मोठी चाचणी झाली. २०११मध्ये निकाल आला : रोज चारशे युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर सतरा टक्क्यांनी जास्त. शिवाय रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मोठ्या मात्रेने रक्तस्रावाची भीती. आणि नैराश्यावर? माणसांवरच्या चाचण्या लहान लहान आहेत, काहींत फायदा दिसतो, काहींत दिसत नाही. नैराश्यावरचं औषध म्हणून कुणीही ते अजून सिद्ध केलेलं नाही.

उत्साहावर थोडं पाणी पडलं, पण तो विझला नाही. कारण मला गोळी नकोच होती, मला त्या यंत्रणेचं कौतुक होतं. आणि माझं डोकं ताळ्यावर आलं ते डॉक्टरांच्या गोळीने आणि बदललेल्या पाळीने. त्यात कशाचा वाटा किती, ते मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. आमच्या लाइनवर एक पोरगा आहे, हल्ली डबा न उघडताच परत नेतो. त्याला मी जीवनसत्त्वाची गोष्ट सांगितली नाही. त्याला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या तक्रारींसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर दिला, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, रात्रपाळीतसुद्धा लागतो. आणि एका दुपारी सुट्टी टाकून त्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो.

मग उरलं जेवण. पंधरा मिलिग्रॅमचा हिशेब मी मिक्सिंगच्या वहीतच मांडला. मूठभर बदामात सात, पण बदाम आमच्या पगारात मोजून येतात. मूठभर शेंगदाण्यात दोन. सूर्यफुलाच्या मूठभर बियांत सात. करडईच्या तेलाच्या मोठ्या चमच्यात साडेचारच्या वर. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की यातलं बरंचसं उडून जातं, म्हणजे गेटवरच्या वड्याच्या कढईकडून फार आशा नको. आणि हे चरबीत विरघळणारं, त्यामुळे जेवणात तेलाचा थेंब लागतोच. कोरडी भाकरी-पालक खाऊन फारसं हाती लागत नाही. वर लिंबू पिळा, आवळा खा, कारण खर्ची पडलेलं टोकोफेरॉल व्हिटॅमिन सी पुन्हा उभं करतं. मिसळीवर लिंबू पिळायला आता माझ्याकडे शास्त्रीय कारण आहे.

करडईवर मात्र मी अडकलो. आमचं मूळ गाव बार्शीकडचं. लहानपणी ज्वारीच्या रानाभोवती करडईचे काटेरी पाटे असायचे, गुरं आत शिरू नयेत म्हणून. आई कोवळ्या पाल्याची भाजी करायची, आणि भाकरीवर चटणी घालून वर करडईचं तेल सोडायची. घाण्याचं, पिवळं, जरा उग्र. सातपूरला आल्यावर आम्ही प्लास्टिकच्या पिशवीतल्या तेलावर गेलो, तेही पामचं, कारण स्वस्त. फलटणला निंबकरांच्या संस्थेने बिनकाट्याच्या करडईवर काम केलं, सोलापूर आणि परभणीकडून नवी वाणं निघाली. आणि तरी आमच्या अशोकनगरात, श्रमिकनगरात वाण्याकडे करडईचं तेल मागितलं की तो आधी माझ्याकडे बघतो, मग सूर्यफुलाची पिशवी काढून देतो.

एजिंग ओव्हनमध्ये मी एक खुळा प्रयोग लावलाय, मालकांना विचारून. तीन छोट्या वाट्या : एकीत रिफाइंड, एकीत शेंगदाण्याचं घाण्याचं, एकीत करडईचं. कोणतं आधी खवट होतं, ते नाकाने बघायचं. हा काही शोधनिबंध नाही, मलाही कळतं. करडईची वाटी मात्र रिकामीच आहे. करडईचं तेल मिळतं ते बंगळुरूहून येणाऱ्या बाटलीतलं, ते त्यात घालायचं मन होईना.

नाशिकमध्ये शेंगदाण्याचे लाकडी घाणे सापडले, खोबऱ्याचेही सापडले. करडई गाळून देणारा अजून सापडला नाही. गावाहून वीस किलो करडई एसटीने मागवून घेतली आहे, पोतं मागच्या गॅलरीत ठेवलंय, बायको रोज एकदा त्याला ठेचकाळते. वाचणाऱ्यांपैकी कुणाला सिन्नर, त्र्यंबक, निफाड कुठल्याही बाजूला असा घाणा ठाऊक असेल, तर कृपा करून पत्ता कळवा. रविवारी दुपारी बारानंतर मी मोकळा असतो, मिसळ खाऊन झाल्यावर.